गुप्त पत्ता

नवऱ्याने जीव घ्यायची धमकी दिल्यापासून ती शिवणकामवाली लेकीला घेऊन भाड्याच्या खोलीत लपून राहत होती. तीन महिने तिने खिडकीचा पडदासुद्धा सरकवला नव्हता. आज कोर्टाच्या ॲपवर आलेला आदेश तिने उघडला, तेव्हा नशिबाने वकीलताई तिच्याकडेच आल्या होत्या.

"ताई, तुम्हीच वाचा. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचतायत."

ताईंनी फोन घेऊन वरवर नजर टाकली. "अगं, जिंकलीस तू! आता तुझा पत्ता ब्रह्मदेवालाही कळायचा नाही." मग त्यांनी ठसक्यात वाचलं, "'अर्जदार महिलेच्या जिवाला धोका आहे. सबब छापखान्यामागची इमारत, तिसरा मजला, खोली सात, हा तिचा पत्ता पतीला कोणत्याही परिस्थितीत कळू देऊ नये.'"

कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. "थांबा, चहात साखर जरा सढळ हाताने घालते आज," ती हसून म्हणाली.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं बोट आदेशाच्या तळाशी अडकलं होतं.

"चहा राहू दे. पोरीला उचल आणि चपला घाल. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, पण झालं काय?"

ताईंनी फोन तिच्यापुढे धरला.

 

'आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आपोआप पाठवली आहे. पतीने वाचली: वीस मिनिटांपूर्वी.'