वुबितचा कप

माझी कादंबरी अदिस अबाबाच्या प्रकाशकांकडून परत यायची, मी ती पुन्हा लिहायची आणि रविवारी दुपारी शेजारच्या झेवदीतूमावशीकडे कॉफीला बसून वाचून दाखवायची. ऐकता ऐकता मावशीला माझ्या नायिकेचा, वुबितचा, इतका लळा लागला की ती तिच्यासाठीही एक कप भरायची. आम्ही गप्पांत रंगलो की तो रिकामा झालेला असायचा. मावशीच पीत असेल, असं मी धरून चालले होते.

शेवटी एक प्रकाशक तयार झाला. त्याचं म्हणणं एवढंच, की शेवटी वुबित मेली पाहिजे. मी तिला ताना सरोवरात बुडवली.

त्या रविवारी मावशीने कॉफीच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर ताजं गवत पसरलं, धूप घातला आणि वुबितचा कप भरला.

"आता कशाला, मावशी? ती गेली."

"गेली म्हणे! तिसरा कप घेतल्याशिवाय माझ्या घरून कुणी उठत नाही. तूही बस गुमान."

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. कप भरलेलाच राहिला. मला उगाच हायसं वाटलं.

तिसऱ्या, आशीर्वादाच्या फेरीला मावशीने तो उचलला. तो रिकामा होता. तळाशी कॉफीचा गाळ नव्हता, ओली वाळू होती.

माझ्या शेजारचं गवत भिजलं होतं. मावशी तिकडे बघून मायेने म्हणाली, "किती कुडकुडतेय पोर! तुझी शाल दे गं तिला."

पण शाल माझ्या खांद्यावरून आधीच कुणीतरी हळूच ओढत होतं.