खोटी कळ

डॉक्टरांनी सुई उचलली मात्र, केरबा डोळे मिटून कळवळला, "आई गं!"

"अहो, अजून टोचलीच नाही," बायको म्हणाली.

केरबा ओशाळला. उकळत्या पाकानं हात भाजल्यापासून बोटांना काही कळतच नव्हतं. जिलबीचा पाक चिमटीत धरून तार जोखणारी बोटं ती! जाण परतली का ते पाहायला दोन महिने बोटांत सुया टोचून घेत होता. बायकोनं धीर सोडू नये म्हणून दर सुईला खोटंच विव्हळत होता. सकाळपासून चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून आज घाई झाली.

मग सुई टोचली आणि कोपरापर्यंत कळ गेली. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खरं सांगितलं तरी हिला पटणार कसं?

"इतके दिवस तुम्ही ओरडत होतात, बोट ढिम्म असायचं," बायको त्याचे डोळे पुसत म्हणाली. "आज बोट दचकलं."