लाकडी मुठीची छत्री

“चोरा! माझी छत्री कधी देणार?” माधवराव फोनचं बटण दाबून तमिळमध्ये गरजले. सकाळपासून चंद्रमौळीला असे आवाजी निरोप चालले होते.

टीव्हीवर श्रीलंकेतला, चंद्रमौळीच्या गावाजवळचा डोंगर पुन्हा पुन्हा कोसळत होता. तिथल्या वाड्याच्या वाड्या गाडणारं वादळ आता इथे चेन्नईवर बरसत होतं.

“अहो, माणसं मातीखाली आहेत आणि तुम्हाला छत्री सुचते?” कमलिनीताई कडाडल्या.

“का सुचू नये? त्याच्याच गाडीत राहिली.”

मे महिन्यात ते दोघं श्रीलंकेत फिरायला गेले होते. पावसाचा रंग बघून ड्रायव्हर चंद्रमौळीने घाटातून गाडी मागे फिरवली. माधवराव हट्टाला पेटले, तो बधला नाही. “तू मेलास का जगलास, पुन्हा विचारणार नाही!” असं बजावून ते उतरले. गिंडीच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांवर ओरडून कमावलेला आवाज आणि एकदा बोललेला शब्द, दोन्ही त्यांनी आयुष्यभर खाली येऊ दिले नव्हते.

“त्याच्या लेकीने जेवू घातलं होतं आपल्याला,” कमलिनीताई म्हणाल्या.

“माहितीये.” ते संध्याकाळचं दूध आणायला निघून गेले.

आले ते घोट्यापर्यंत भिजलेला पायजमा पिळतच. पिशव्या ओट्यावर आदळल्या आणि आधी फोन पाहिला. निरोपांपुढे अजून एकच टिक; पोचलेच नव्हते.

“टी. नगरमधून दुसरी आणा की छत्री.”

“मला तीच हवी. लाकडी मुठीची. ऐकतोस का, चोरा?” ते पुन्हा फोनवर ओरडले. या वेळी आवाज चिरकला.

कमलिनीताईंना नवऱ्याची किळस आली. त्यांच्या वस्तूंना हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. पण आज हद्द झाली. त्यांनी बोलणंच टाकलं.

तासाभराने फोन वाजला. “ऐया, चंद्रमौळी बोलतोय. घर गेलं. आम्ही सगळे शाळेत आहोत. लेकही आहे.”

माधवरावांनी टीव्ही बंद केला. “छत्री?” ते खेकसले.

पलीकडे चंद्रमौळी हलकंच हसला.

“माझ्यापाशीच आहे, ऐया. जपून ठेवलीय. न्यायला या.”

“येतो. तोवर तूच वापर.”

कमलिनीताई तणतणत पायजमा वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेल्या. पाण्याच्या पिंपामागे लाकडी मुठीची छत्री निथळत होती.