बर्फ विरघळला होता

"लिहून द्या मॅडम, यानं औषध नासवलं म्हणून. याले मी पोलिसात देतो."

रंगरावांनी थर्मास डॉक्टर सुहासिनींच्या टेबलावर आदळला. दाराशी त्यांचा मेहुणा कुलदीप खाली मान घालून उभा होता. पलीकडे वॉर्डात त्यांची बायको अन्नपूर्णाबाई होती. काळ्या बुरशीनं तिचा डावा डोळा खाल्ला; परवा तो काढावा लागला. उजवा वाचेल की नाही, कुणी सांगत नव्हतं.

औषध कुलदीपनंच आणलं होतं. संभाजीनगरहून येताना जीप पंक्चर झाली, दोन तास उन्हात गेले. बुलढाण्यात पोचेपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. त्या पाण्यातूनच काढून पहिल्या दिवसाच्या बाटल्या शिरेतून दिल्या. सूज उतरली, सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा चढली.

दवाखान्याचा फ्रीज तेव्हा बंद होता. उरलेल्या बाटल्या रंगरावांनी कुलदीपच्या हातातून हिसकावून आपल्या गावी, धाडला नेल्या. तीस वर्षं बाजारात कुल्फी विकणारा माणूस. त्याला थंडीचं काय शिकवायचं? कुल्फीच्या फ्रीजरमध्ये जागा केली, लाइट गेली तर जनरेटर लावला. रोज थर्मासात बर्फ भरून ते बाटल्या आणत. बायकोला गार औषध टोचू नये म्हणून फाटकापाशी तळव्यांत चोळून ऊब आणत, मग नर्सच्या हाती देत.

परवापासून मात्र डॉक्टर नवीन औषध दवाखान्यातच ठेवून घेत होत्या, घरच्यांच्या हाती देत नव्हत्या. हेही कुलदीपमुळेच, असं रंगराव भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्यांचा संताप मावत नव्हता.

"तुमीच सांगतलं होतं ना मॅडम, औषध जहाल आहे, म्हणून चरबीच्या बारीक गोळ्यांत भरलेलं असते? तूप उन्हात टिकते का? काऊन बे, एवढी अक्कल नव्हती तुले? सख्ख्या बहिणीचा डोळा घेतला!"

"चुकलं माह्यं, दाजी," कुलदीप म्हणाला.

"चुकलं म्हणते! लिहा मॅडम."

"रंगराव, घरी जा. तक्रारीनं डोळा परत येणार नाही."

"येणार नाही, पण हा सुटणारबी नाही. माह्याकडचं ठेवणं पाहा, मग लिहा."

त्यांनी थर्मास उघडला. बर्फातून उरलेली शेवटची बाटली काढून टेबलावर ठेवली. ती टक्क वाजली.

डॉक्टरांनी ती उचलून आडवी केली, मग उलटी धरली. आतलं पिवळं औषध जागचं हललं नाही. त्यांनी एकदा कुलदीपकडे पाहिलं.

"गोठलं की त्या गोळ्या फुटतात, रंगराव. पहिल्या दिवशी पाण्यातून आलेलं औषध लागू पडलं होतं. पुढचं एकही नाही."

रंगराव आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

कुलदीपनं पहिल्यांदाच मान वर केली. "मॅडम, दाजीले हे सांगणार नाही म्हणून परवा तुमी मले शब्द देल्ला होता."