गाणाऱ्याची जागा

"हा अल्बम बादच करा!" मणेरीकर चिडले. "तबला उजवीकडून, पेटी डावीकडून, तानपुरे पाठीमागून! श्रोत्याला मैफल अशी ऐकू येते का कधी?" पुरस्काराच्या सराउंड साउंड विभागाचे तिघे परीक्षक सकाळपासून स्टुडिओत अल्बम ऐकत होते. दुसऱ्यानेही मान डोलावली.

तिसऱ्या परीक्षक कुमुदताई उठल्या आणि स्पीकरांच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या. एकेकाळी मैफली गाजवणाऱ्या ताईंचा आवाज घशाच्या ऑपरेशननंतर गेला होता. उरली होती फक्त कुजबुज.

"श्रोत्याला नाही, गाणाऱ्याला अशीच ऐकू येते. हा अल्बम करणाऱ्यानं मला गाणाऱ्याच्या जागी बसवलंय."

"असेल, पण ऐकणारा थोडाच गातो?" मणेरीकर पुटपुटले.

ताई तंत्रज्ञाला म्हणाल्या, "पुन्हा लावा. समोरचा स्पीकर तेवढा बंद करा, गाण्याचा आवाज त्यातून येतोय."

तानपुरे पाठीशी घुमू लागले. ताईंनी उजवीकडे, तबल्याच्या दिशेने हात करून लय दिली. ओठ हलू लागले. बंदिश त्यांच्या गळ्यावरचीच होती. आवाज फुटला नाही. पेटी मात्र एकेक सूर टिपत त्यांच्या मागोमाग येत राहिली.