बझर खोटा वाजतो

बझर पुन्हा वाजला आणि दुरुस्तीवाला हातातला घास ताटात टाकून आतल्या खोलीत गेला. बायको होती तशीच पडून होती. डोळे छताकडे, उजवा हात चादरीखाली, बोटाखाली एक लाकडी पट्टी आणि पट्टीवर दोन उघड्या तारा. हात उघडा राहिला की गार पडायचा, म्हणून मुलगी चादर ओढून ठेवायची.

"काय गं, काय हवंय?" त्याने विचारलं.

बझर गप्प. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटलं की पोरं बसतात, तसा.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बायकोचं अंग लुळं पडलं होतं आणि वाचाही गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "समज शाबूत असल्याची एक खूण दाखवा, मी उपचारांना ठेवून घेतो. नाहीतर सांभाळगृह. तिथे फक्त जगवतात."

मग त्याने ही युक्ती केली. दोन्ही तारांना बोट टेकलं की कातडीतून मुंगीएवढा करंट ट्रान्झिस्टर नावाच्या तीन पायांच्या चिमुकल्या भागाच्या मधल्या पायाला पोचतो आणि ट्रान्झिस्टर बझर चालू करतो. बटण दाबायला बळ लागतं. इथे नुसता स्पर्श पुरे.

त्या संध्याकाळी डॉक्टर आले. "ऐकू येत असेल तर बोट टेकवा," म्हणाले. थोडं थांबले आणि उठले. ते दाराशी बूट चढवत होते तेव्हा बझर वाजला.

"वाजला, डॉक्टर," मुलगी म्हणाली.

"विचारल्यावर वाजला तर ते उत्तर. उगाच वाजला तर बिघाड," डॉक्टर म्हणाले. "उद्या पुन्हा येतो. तोवर हे नीट करून ठेवा."

बिघाड हा शब्द दुरुस्तीवाल्याला फार लागला. लोकांचे बिघाड काढण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने पट्टी बायकोच्या बोटाखालून काढली आणि ट्यूबलाइट लावली. बझर करकरला. तारांना कोणाचंच बोट नव्हतं.

"ट्रान्झिस्टरचा पाय मोकळा राहिलाय," तो मुलीला म्हणाला. "ट्यूबलाइट, पंखा, सगळ्यांचं काही ना काही पकडतोय. आणि आपण त्यालाच आई समजत बसलो."

"सगळंच कसं खोटं असेल बाबा? मी रडले तेव्हा वाजला होता."

"आणि खोलीत तिच्याजवळ कोणी नव्हतं तेव्हाही वाजला होता."



त्याने मधल्या पायापासून बॅटरीच्या वजा टोकापर्यंत एक रेझिस्टर जोडला. बारीकसारीक करंट आता बझर न वाजवता परस्पर निघून जाणार होता. मग स्वतःचा अंगठा तारांवर दाबून पाहिला. बझर खणखणीत वाजला. काम चोख झालं होतं. त्याने पट्टी पुन्हा बायकोच्या बोटाखाली ठेवली आणि मुलीने वर चादर ओढली.

त्यानंतर बझर वाजलाच नाही. मुलीने आईच्या कानाशी बोलून पाहिलं, मग भांडी आपटून पाहिली, शेवटी चिडून भांडूनही पाहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसले, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले. सगळ्यांचे डोळे बझरवर खिळले होते.

"तुम्ही कसर ठेवली नाहीत," उठताना ते म्हणाले आणि सांभाळगृहाला फोन लावला.

दुरुस्तीवाल्याला वाईट वाटलं, पण थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. "ती केव्हाच गेलीय, बाळा," तो मुलीला म्हणाला. "आपणच तिला धरून बसलो होतो."

गाडी आली. दोघे जण स्ट्रेचर घेऊन खाटेशी उभे राहिले. "आधी ते वायरचं काढून घ्या," एक जण म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने चादर बाजूला केली. बायकोचं बोट तारांवर टेकत होतं, उचललं जात होतं, पुन्हा टेकत होतं. बझर मात्र वाजत नव्हता.