पातेल्यात पाणी घालण्याआधी

“हे वाक्य काढ,” शर्वाणीने एआयसाठी लिहिलेल्या सूचनांवर बोट ठेवत दाभाडे सर म्हणाले. “यादी पुसायचं साधन एआयनं कसं वापरायचं, तेवढंच लिही. उपदेश नको.”

“चाचणीपुरतं तरी राहू द्या, सर,” शर्वाणी हटून बसली. वाक्य साधंच होतं: यादी पुसण्याआधी ती वापरणाऱ्यांना विचारा.

ज्या रक्तपेढीसाठी हे काम चाललं होतं, तिथल्या बाई चाचणी बघायला आल्या. सरांनी ऐटीत एआयला हुकूम सोडला, “रक्तदात्यांची जुनी यादी पुसून टाक.”

पडद्यावर उत्तर उमटलं, “ही यादी रक्तपेढीत अजून वापरतात. पुसली तर परत मिळणार नाही. त्यांना विचारू का?”

“अहो, थांबा!” बाई उठल्याच. “दुर्मिळ रक्तगटाचे दाते त्यातच आहेत!”

सरांनी घाम टिपला. “शर्वाणी, हे सुचलं कसं तुला?”

“आईमुळे, सर. भाताचं पातेलं घासायला टाकण्याआधी ती घरभर हाक मारते, ‘कुणाला हवाय का? नाहीतर पाणी घालते!’ आणि कुणीतरी ताट घेऊन धावतंच.”

संध्याकाळी चहासोबतचा शेवटचा वडा उचलताना सर थबकले आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असे ओरडले, “कुणाला हवाय का?”

शर्वाणीने ताठ मानेने फोन लावला. “आई, तुझा नियम आमच्या ऑफिसात लागू झाला गं!”